ओढ्याच्या अलीकडचं घर

काहिलीतली गव्हाची खीर घट्ट होत चालली होती. साडेबारा वाजून गेले होते आणि ओढ्यापलीकडून एकही माणूस आलेलं नव्हतं.

बनुबाई पडवीच्या कडेला बसून वाटेकडं बघत होती. तिचा नवरा केरबा जाऊन आज वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाचं आमंत्रण तिनं स्वतः पलीकडच्या उंबरेवाडीत घरोघर फिरून दिलं होतं, एकशे चार घरं, गुडघा दुखत असताना. प्रत्येक दारात ‘येतो की काकी’ असं ऐकूनच ती पुढच्या दाराला गेली होती. माणसं येतो म्हणाली की जेवायला येतात, हा तिचा अंदाज पंचाहत्तर वर्षांत कधी चुकला नव्हता.

“आत्ती, घरच्यांची पानं घेऊ का?” धाकटी सून संयोगिता दारातून म्हणाली.

“थांब जरा. ऊसतोडीचं दिवस हायत. माणसं रानातनं सुटली की येतील.”

ऊसतोड असो नाहीतर लढाई, रविवारी दुपारी खिरीच्या जेवणाला न येणारं माणूस उंबरेवाडीत अजून जन्माला यायचं होतं. ते दोघींनाही ठाऊक होतं. गावाच्या खालच्या अंगाला धूर वर चढत होता. कुणीतरी पाचट पेटवलं असेल, असं बनुबाईनं मनात म्हटलं आणि नजर परत वाटेवर आणली.

माणसं का आली नाहीत, याचं कारण घरात प्रत्येकानं आपापल्यापुरतं धरलं होतं. सांगली शहराची हद्द वाढणार होती आणि नव्या हद्दीची रेघ ओढ्यावरून जात होती. ओढ्याच्या पलीकडं उंबरेवाडी, ती गावच राहणार. अलीकडं फक्त खोतांचा मळा आणि हे एक घर. ते शहरात जाणार. गावानं ग्रामसभा घेऊन हद्दवाढीला विरोध केला, आणि त्याच आठवड्यात खोतांच्या धाकट्यानं, पृथ्वीराजनं, ‘आमची हरकत नाही’ असा कागद कचेरीत नेऊन दिला. हरकतीची शेवटची मुदत उद्या, सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. बनुबाईला म्हणूनच दोन्ही पोरं आज एका पंगतीत हवी होती. श्राद्ध केरबाचं होतं, पण काम तिचं होतं.

तिची भीती साधी होती आणि ती बोलून दाखवायची तिला लाज वाटत होती. उंबरेवाडीत माणूस गेलं की ट्रॅक्टरची ट्रॉली घरोघर फिरते आणि प्रत्येक घर पाच शेणी देतं. घर बंगल्याचं असो की पत्र्याचं, पाचच. त्या शेणींवर गावाचं माणूस जळतं. केरबाच्या वेळी भरलेली ट्रॉली ह्याच अंगणात उभी होती. शेणी थापताना बाईची बोटं त्यावर उमटतात, आणि पंचावन्न वर्षं एका गावात काढल्यावर हात ओळखू येतात. कुणाची बोटं खोल रुतलेली, कुणाची नुसती टेकलेली. करंगळी वाकडी उमटलेल्या पाच शेणी चंद्राबाईच्या, हे तिनं लांबूनच ओळखलं होतं. सगळं गाव हात लावून आपल्या माणसाला पोचवतंय, असं तिला त्या दिवशी वाटलं. पुढं वर्षभर ह्या रिकाम्या घरात एकटीनं राहताना तिला तेवढाच आधार होता. आपल्या वेळीही हे हात असतील, एवढंच तिला हवं होतं. शहरात गेलेल्या घरासाठी गावची ट्रॉली कशाला फिरेल?

एक वाजता घरच्यांचीच पंगत बसली. शेकडो पत्रावळ्यांतल्या पाच उलगडल्या.

पृथ्वीराज पानातला भात नुसता चिवडत होता. कुपवाडला भाड्याच्या शेडमध्ये त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मळा शहरात आला की इथं स्वतःची शेड घालायची, हे त्याचं दहा वर्षांचं स्वप्न होतं आणि त्यात कुणाचं वाईट करायचा विचार त्याच्या मनालाही शिवला नव्हता. गाव इतकं मनावर घेईल असं त्याला वाटलं नव्हतं. बापाच्या वर्षश्राद्धाला रिकामं अंगण बघून त्याला आतून ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि ओशाळलेला पृथ्वीराज नेहमी भांडतो.

“बघितलंस?” थोरला विश्वजीत म्हणाला. चोवीस वर्षं फौजेत काढून तो साताऱ्याला घर बांधून राहिला होता. “तुझ्या एका कागदापायी आबांच्या श्राद्धाला माणूस फिरकलं न्हाई.”

“दादा, तुमी साताऱ्यात ऱ्हाताय. तुमची कॉलनी नगरपालिकेत गेली तवा तुमी हरकत घेतली व्हती?”

“कॉलनीत कोण कुणाला वळखतंय? गाव म्हंजे येगळं.”

“एवढं येगळं हाय तर येऊन ऱ्हावा की गावात. कोण आडवतंय?”

विश्वजीतनं भात कालवला. पृथ्वीराज बोलतच राहिला. “शहर जाणार कुठं, सांगा. एका अंगाला कृष्णा. पुराचं पाणी आलं की निम्मी सांगली सामान डोक्यावर घेऊन उभी. मिरज भरलं, कुपवाड भरलं. उंचवट्याची जागा आता हीच ऱ्हायलीया. आज न्हाई तर धा वर्सानं शहर येणारच. आपुन आधी गेलो तर रस्ता ईल, नळ ईल, गटार ईल.”

“गटारासाठी आईला गावाभाईर काढतूस?”

“मला नळ नगो,” बनुबाई म्हणाली. ती जेवत नव्हती, वाढतही नव्हती, नुसती बसली होती. “मला गावात ऱ्हायचंय. दोघांनी हरकतीवर सह्या करा. तेवढंच मागती.”

“मी करतो,” विश्वजीत लगेच म्हणाला. “आणा कागद. आत्ता करतो.”

बनुबाईनं थोरल्याकडं असं बघितलं की पृथ्वीराजनं मान खाली घातली. लहानपणापासून ही नजर दादालाच मिळत आली, त्याला वाटलं.

“बाबा, नुसती हरकत घेऊन भागणार नाही. कारण द्यावं लागेल,” अंकिता म्हणाली. ती विश्वजीतची मुलगी. पुण्यात उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करायचं काम करत होती. हात धुऊन तिनं लॅपटॉप आणला आणि पत्रावळी बाजूला सारून मध्ये ठेवला. “आणि कारण आहे. आजी, तू बघ. हा सतरा वर्षांपूर्वीचा फोटो. हे आपलं घर. ओढा कुठून जातोय?”

बनुबाईनं चष्मा न लावताच सांगितलं असतं. ओढा गावाकडून यायचा, घराच्या पुढून, सांगलीच्या डांबरी रस्त्याच्या अंगानं मोठा वळसा घालायचा आणि पुन्हा मागं जायचा. पाण्याच्या त्या वळणात हे घर होतं.

“म्हणजे घर तेव्हा ओढ्याच्या पलीकडं होतं, गावाच्या बाजूला. आता हा त्याच्या पुढच्या वर्षीचा. वळसा नाही. ओढा घराच्या मागून सरळ गेलाय. हद्दीची रेघ ह्या नव्या ओढ्यावर काढलीय.” अंकितानं सगळ्यांकडं पाहिलं. “ओढा आपण होऊन असा सरळ होत नाही.”

“आमी केला,” पृथ्वीराज म्हणाला.

त्याला ते दोन दिवस नीट आठवत होते. तीसेक वर्षांचा होता तेव्हा तो. जेसीबीवाला आष्ट्याहून आणला होता. वळणाच्या दोन्ही तोंडांच्या मधून घरामागं सरळ चर मारला, पाणी त्यात घातलं आणि जुन्या पात्रात माती लोटली. पुढच्या हंगामाला तिथं सहा गुंठे ऊस उभा राहिला. येईल त्या पाहुण्याला आबा ते शिवार दाखवत. गावाला जायला नव्या ओढ्यात सिमेंटचे दोन पाइप टाकले आणि सगळे ते विसरून गेले. पाण्याबरोबर घरही गावाबाहेर सरकलंय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सहा गुंठे उसासाठी खोतांनी आपलं घर आपल्या हातानं शहरात ढकलून ठेवलं होतं. सरकार फक्त रेघ ओढायला सोळा वर्षं उशिरा आलं.

“हेच लिहायचं,” अंकिता म्हणाली. “मूळ ओढा तीच खरी हद्द. फोटो जोडायचे. घर गावात राहायची बरीच आशा आहे. मी अर्ज टाइप करून आणलाय. फक्त एक आहे. ओढा आम्ही हलवला आणि जुन्या पात्राची जागा आमच्या ताब्यात आहे, हे लिहून द्यावं लागेल. ती जागा परत जाईल. सातबाऱ्यावरच्या तिघांच्या सह्या लागतील. आजी, बाबा, काका.”

विश्वजीतनं अर्ज हातात घेतला आणि सावकाश वाचला. खिशाला लावलेलं पेन त्यानं काढलं नाही.

“म्हंजे आबांनी सरकारी ओढा गाडला, आसं लिहून द्यायचं? आज? त्यांच्या श्राद्धाच्या पंगतीत बसून?”

“आबांनी न्हाई,” बनुबाई म्हणाली. “मी लावलं त्येनला. त्यांनी तीन उन्हाळं न्हाई म्हटलं. पान्याची वाट पान्याला ठरवू दे म्हणालं. मीच रोज उठून बोलायची. दाराफुडं पडीक रान मला बघवायचं न्हाई. लिव्हा तसं. बनुबाई केरबा खोत, हिनं ओढा वळवला. मी अंगठा देती, सही देती, काय पायजे ते देती.”

“कागदावर नाव आबांचंच लागंल, आई. सातबारा त्यांचा व्हता.” विश्वजीतनं अर्ज खाली ठेवला. “मी फौजेतला माणूस. गुन्हा कबूल केल्याच्या कागदावर सही करून साताऱ्यात कुठल्या तोंडानं फिरू?”

“दादा बरोबर म्हणत्यात,” पृथ्वीराज म्हणाला.

वाटणीच्या बोलण्यावरून चार वर्षं एकमेकांशी धड न बोललेले भाऊ एका बाजूला आले होते. आईनं त्यासाठी काय काय नवस केले होते. ते असे फळतील असं तिला वाटलं नव्हतं.

संयोगितानं खरकटं काढलं आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात हाक मारली. हद्दवाढीचा तिला आनंदच होता. शहरातल्या घराला वजन येतं, लेकीला स्थळं बरी येतात, असा तिचाही हिशेब होता. पण पंगतीत सासूबाईंनी ‘अंगठा देती’ म्हणताना पुढं केलेला हात तिनं बघितला होता. कुपवाडच्या फ्लॅटमध्ये बारा वर्षं राहून समोरच्या दारातल्या बाईचं नाव तिला माहीत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात ताप येऊन चार दिवस पडली, तेव्हा दारावर फक्त सिलिंडरवाल्यानं टकटक केली होती. एकटेपण काय असतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

“सही करा,” ती म्हणाली.

“तूच म्हणाली व्हतीस, मळा शहरात गेला तर बरं.”

“म्हणाली व्हती. आता म्हणती, सही करा. सहा गुंठं गेलं तर जाऊ द्यात. आत्तींचं काय चाललंय तुमाला दिसत न्हाई का?”

“उद्या सायबानं केस घातली तर कोर्टात तू जाणार हायस?”

“जाईन.”

“तुझं नाव तरी हाय का सातबाऱ्यावर?”

संयोगितानं खिरीच्या पळीला चिकटलेला गहू बोटानं काढला. “न्हाई,” ती म्हणाली. “माझं नाव कशावरच न्हाई.”

बाहेर कुणीतरी आल्याची चाहूल लागली म्हणून दोघं पडवीत आली.

धनाजी आला होता. पलीकडच्या पहिल्याच घरातला, केरबाच्या हाताखाली शेती शिकलेला, पन्नाशीचा माणूस. ट्रॉली त्याचीच. तो पायरीच्या खाली उभा राहिला, वर आला नाही. त्याचं डोकं ओलं होतं आणि खांद्यावर पिळलेला टॉवेल होता.

भर दुपारी अंघोळ करून आलेला माणूस बघितल्यावर बनुबाईला काही सांगावं लागलं नाही. तिनं एकदा धुराकडं बघितलं.

“कोण गेलं रं?”

“चंद्राबाई. फाटंचं गेली. झोपंतच.” धनाजी जमिनीकडं बघत होता. “म्हणून गावातलं कोण जेवायला आलं न्हाई, काकी. मयत उचलल्याबिगर कोण खाईल? तेवढं सांगावं म्हणून आलो. राग धरू नगा.”

पृथ्वीराजनं सुटल्यासारखा श्वास सोडला. गावाचा राग नव्हता तर. विश्वजीतनंही मान हलवली आणि ‘बस की धनाजी, खीर खाऊन जा’ असं म्हणायला तोंड उघडलं. पण बनुबाई उठून उभी राहिली होती.

“फाटंचं गेली. आन मला आत्ता सांगतूस?”

“तुमच्यात कार्य व्हतं.”

“कार्य हाय म्हणून मयताचं सांगत न्हाईत, आसं कवापासनं सुरू झालं उंबरेवाडीत?”

धनाजीनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

“ट्रॉली माझ्याकडं आली न्हाई, धनाजी.”

“आणली व्हती. पायपापतूर आणली व्हती.” त्याचा आवाज खाली गेला. “मग मलाच कळंना. तुमचं घर आता धरायचं का न्हाई. बाकीची म्हणाली, ती शहरात गेली, त्यांच्या पोरानं लिहून दिलंय. मी म्हटलं बी, अजून मुदत हाय. कोण बोललं न्हाई. मग मी मागं फिरवली.”

“तू फिरवलीस.”

“व्हय, काकी.”

चंद्राबाई आणि बनुबाई एकाच वर्षी ह्या गावात नांदायला आल्या होत्या. भांगलायला एका ओळीत, पाण्याला एका खेपेत. गुडघे धरल्यापासून ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, मोठ्यानं बोलून, त्या रोज एकमेकींची चौकशी करत. परवाच चंद्राबाई पलीकडून म्हणाली होती की खिरीत वेलदोडा जास्त घाल. बनुबाईनं जास्त घातला होता.

ती गोठ्यामागं गेली. तिथं शेणी रचून ठेवलेला हुडवा होता. वरच्या ओल्या असतील म्हणून तिनं खालच्या, खडखडीत वाळलेल्या पाच काढल्या. पदरानं पुसल्या आणि आणून धनाजीच्या हातात दिल्या.

“चितेत इस्तू असंल अजून. घाल तिच्यावर.”

धनाजीनं त्या टॉवेलवर घेतल्या. घालतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. वाटेनं खाली जाताना त्याची पाठ सगळ्यांना दिसत होती. पंगतीत एवढं बोलणारे दोघं भाऊ आता एकमेकांकडं बघायला तयार नव्हते.

“आई,” विश्वजीत म्हणाला, “लगीच न्हाई म्हणत न्हाई मी. इचार करून उद्या फोन करतो. पाचपर्यंत टाइम हाय.”

“मी बी दादांशी बोलतो,” पृथ्वीराज म्हणाला. “आन तू कशाला घाबरतीस? तसं काय झालं तर शहरात सगळी सोय हाय. न्यायला गाडी घरापातूर येती.”

त्याला धीरच द्यायचा होता. बनुबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कारण आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलं नव्हतं आणि तो तिचाच होता.

चारच्या सुमारास गाड्या निघाल्या. संयोगितानं दोन्हीकडं डबे भरून दिले, तरी काहील निम्मी राहिली. जाताना ती सासूच्या पाया पडली आणि उठताना हात सोडेना. “मी येऊन ऱ्हाती चार दिवस,” ती म्हणाली. पृथ्वीराजनं हॉर्न वाजवला. अंकिता सगळ्यात शेवटी गाडीत बसली. उरलेली खीर बनुबाईनं म्हशीच्या पुढं ओतली. मळ्यात एवढं शांत झालं की म्हशीचं खाणं ऐकू येत होतं.

अर्ज पडवीत पाण्याच्या तांब्याखाली होता. त्यावर एक सही झालेली होती. बनुबाईनं चष्मा लावून ती वाचली: अंकिता विश्वजीत खोत. सातबाऱ्यावर ती कुठंच नव्हती, आणि आपली सही चालणार नाही हे घरात सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त माहीत होतं. बनुबाईनं तिच्याखाली आपली सही केली आणि कागद परत तांब्याखाली ठेवला.

सोमवारी उजाडल्यावर ती चंद्राबाईच्या घरी जायला निघाली. पाइपापाशी पोचली आणि थांबली. सिमेंटवर पाच शेणी एकावर एक नीट लावून ठेवलेल्या होत्या, दवानं ओल्या झालेल्या. धनाजीला त्या चितेपर्यंत नेता आल्या नव्हत्या आणि ओढ्यात टाकवल्याही नव्हत्या. तिला त्याचा राग आला नाही. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं, बघायला कुणी नव्हतं. चंद्राबाई बनुबाईच्या पाच शेणींवाचून गेली. पलीकडच्या काठावर आता बोलायला कुणी उभं राहणार नव्हतं.

तिनं पाचही उचलल्या आणि घरी परत आली.

एकशे चार घरं, पाच-पाच. आपल्या वेळी पाचशे वीस लागतील. गोठ्यातलं शेण तिनं अंगणात आणलं, त्यात भुस्कट कालवलं आणि गुडघा लांब करून थापायला बसली. फोन पडवीच्या कट्ट्यावर, ऐकू येईल असा ठेवला होता. अकरा वाजता तिनं तो एकदा उचलून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून. तो चालू होता. दुपारी शिळा भात खाल्ला आणि पुन्हा बसली. डांबरी रस्त्यावरून सांगलीकडं गाड्या जात राहिल्या.

पाच वाजले तोवर भिंतीकडेची सगळी जागा भरली होती. फोन वाजला नव्हता. बनुबाईनं हात धुतले आणि उन्हात ओळीनं मांडलेल्या शेणींकडं बघत उभी राहिली. आज साठ झाल्या होत्या. अजून पुष्कळ थापायच्या होत्या. सगळ्यांवर एकाच हाताची बोटं होती.